खिडकी मोठी केली की बटणं तिथेच का राहतात?

विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) खिडकी मोठी केली तरी बटणं जागची हलत नसतील, तर रिसाइझ इव्हेंटमध्ये, म्हणजे खिडकीचा आकार बदलला की चालणाऱ्या कोडमध्ये, प्रत्येक कंट्रोलची (बटण, टेक्स्टबॉक्स असा खिडकीतला घटक) रुंदी-उंची गुणोत्तराने मोजत बसू नकोस. मीही सुरुवातीला तेच केलं होतं; खिडकी चार वेळा लहान-मोठी केली की आकडे पूर्णांकांत बदलताना बटणं हळूहळू सरकायची आणि मूळ जागी परत यायचीच नाहीत.

हे काम अँकर करतं: कंट्रोल खिडकीच्या कोणत्या कडांपासून तेवढ्याच अंतरावर राहील ते ठरवणारा गुणधर्म. मुळात ते टॉप आणि लेफ्ट असतं, म्हणून कंट्रोल वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून राहतो. 'जतन करा' बटणाला बॉटम-राइट दे, मोठ्या टेक्स्टबॉक्सला चारही बाजू दे. झालं.

खरी गोची शेजारी-शेजारी दोन टेक्स्टबॉक्स असले की होते. दोघांनाही लेफ्ट-राइट दिलंस तर खिडकी ताणताच डावा उजव्यावर चढतो. तिथे टेबल-लेआउट-पॅनेल (आतले कंट्रोल रांगा-कॉलमच्या चौकटीत मांडणारा कंट्रोल) घे, दोन्ही कॉलम ५० टक्के ठेव आणि आतल्या कंट्रोल्सना डॉक फिल दे, म्हणजे ते आपापला चौकोन पूर्ण भरतील.

फॉर्मचं, म्हणजे खिडकीचं, मिनिमम-साइझ (किमान आकार) मात्र आधी ठरव, नाहीतर कोणीतरी खिडकी इतकी आवळेल की सगळं एकमेकांवर येईल. फाँट यातल्या कशानेही मोठा होत नाही, आणि माझ्या मते होऊही नये: खिडकी मोठी करणाऱ्याला जास्त मजकूर पाहायचा असतो, मोठी अक्षरं नव्हे.