बंबाला वीतभर लाकूड लागतं

प्रश्न : मास्तर, नोकरीतून मोकळा होऊन गेल्या वर्षी गावी राहायला आलो. घरात आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब आहे आणि तो रोज पेटतो. आजवर गडी कोयतीने लाकडं तोडून द्यायचा, आता त्याच्याच्यानेही होत नाही. परसात सुरूच्या आणि आंब्याच्या फांद्या पडून आहेत. काही मनगटाएवढ्या, काही मांडीएवढ्या. घरातली सुतारी करवत चालवून पाहिली, तर दोन इंच गेली की अडकते. दुकानदार म्हणतो पेट्रोलचं वूड कटर घ्या, मुलगा म्हणतो विजेचं घ्या. माझं वय ६१. काय घेऊ?
(एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : दुकानदार आणि चिरंजीव, दोघांनाही जरा ओसरीवर बसवू आणि आधी तुमच्या बंबाकडे बघू. बंबाच्या नळकांड्यात वीतभर लांबीचं, मनगटाच्या जाडीचं लाकूड उतरतं. त्याहून मोठं घातलं तर अडकून बसतं आणि न्हाणीघरात धूर कोंडतो. म्हणजे दहा फुटी एका फांदीला बारा काप. हे काम ताकदीपेक्षा चिकाटीचं आहे, आणि तेही रोज थोडं थोडं करण्याचं.

सुतारी करवत अडकते यात तुमचा दोष नाही. तिचे दात बारीक, ते सुक्या फळीसाठी. ओल्या लाकडाचा भुसा पिठासारखा गळून पडत नाही. तो लांबट आणि दमट असतो, दातांच्या मधे चिकटून बसतो आणि पुढचा दात लाकडाला लागूच देत नाही. त्यात पातं रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी घासणार. आयटीआयत मुलांना सुतारकाम शिकवताना मी फळीची करवत जळणाला लावणाऱ्याला दिवसभर पटाशीला धार लावायला बसवत असे.

तुम्ही २४ इंची धनुष्याच्या आकाराची करवत घ्या. दुकानात ‘बो सॉ’ म्हणून मागा. वाकवलेली लोखंडी नळी, तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं अरुंद पातं, एका बाजूला पातं ताणायची खिट्टी. पातं अरुंद म्हणून घासत नाही, आणि ताणलेलं म्हणून वाकत नाही. घेताना दात नीट बघा. चार टोकदार दात, मग एक वेगळा दुबेळक्या दात आणि खोल खाच, असा क्रम असेल तर ते पातं ओल्या लाकडाचं. टोकदार दात तंतू कापतात, दुबेळक्या दात भुसा खरवडून बाहेर काढतो. नुसते एकसारखे त्रिकोणी दात असतील तर ते सुक्या लाकडाचं. तुमची सुरू अजून ओली असेल तर पहिलं पातं लावा आणि होळीच्या आसपास कापायला घ्या. सुरू वाळली की लोखंडाशी नातं सांगते. दुसरं पातंही घेऊन ठेवा, ते फार महाग नसतं. ३० इंचीच्या मोहात पडू नका, तुमच्या कोपराला ती झेपणार नाही. २१ इंची बरी वाटते, पण जाड ओंडक्यात हात जेमतेम पुढेमागे होतो.

आता खरी गोष्ट. करवतीच्या आधी घोडी करा. दोन ठिकाणी फुल्या मारल्यासारख्या दोन-दोन रिपा ठोकायच्या, दोन फुल्यांमध्ये दीड फूट अंतर, आणि खालून आडव्या पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडायच्या. फुलीची खाच गुडघ्याच्या थोडी वर यावी. लाकूड त्या खाचेत ठेवायचं आणि घोडीच्या बाहेर आलेलं टोक कापायचं. दोन्ही टोकं टेकलेली आणि काप मधे, असं केलं की लाकूड मधे खचतं, कापाच्या दोन भिंती मिटतात आणि करवत चिमटीत सापडते. बाहेरचं टोक कापलं तर ते आपल्याच वजनाने खाली झुकतं, काप उघडत जातो, आणि तुकडा स्वतःहून टपकन पडतो. तो आवाज एकदा कानाला लागला की सकाळचा चहा थंड होतो, तरी माणूस उठत नाही. जमिनीवर, एक पाय लाकडावर ठेवून कापणारे शंभरात नव्वद. कंबर त्यांचीच धरते.

पहिले दोन-तीन हात मात्र सावकाश, आपल्याकडे ओढून घ्या. खाच पडेपर्यंत ही करवत सालीवरून उडी मारते. डावा हात कापापासून चांगला वीतभर लांब. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ आहे, ती या एका वाक्याची फी.

विजेचं यंत्र वाईट नाही. पण त्यातली बरीच दोन हजार वॅटच्या आसपास असतात, म्हणजे साधारण नऊ अँपिअर. घरातल्या ६ अँपिअरच्या पिनेवर ते चालवायचं नाही, १६ ची हवी. परसापर्यंत बारीक वायर ओढली तर विजेचा दाब कमी पडतो आणि मोटार तापते. आणि आमच्या श्रीवर्धनकडची गोष्ट सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, आणि वाडीत महिनाभर दिवे नव्हते. माझं विजेचं यंत्र माळ्यावर, आणि खाली दारापासून विहिरीपर्यंतची वाट याच धनुष्य-करवतीने मोकळी केली. नारळाच्या खोडांनी तेवढी दोन पाती खाल्ली. नारळाचं बाहेरचं कवच कुठल्याही दाताचा वैरी.

पेट्रोलच्या मशीनचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळायचं, साखळीला वेगळं तेल, दर थोड्या वेळाने गोल कानस. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर मशीन तोंडाच्या दिशेने उसळी घेतं. वर्षातून मांडीएवढे आठ-दहा ओंडके असतील तर मशीनवाल्याला एक दिवस बोलवा, त्याच्याकडून गोल चकत्या पाडून घ्या आणि पुढे कुऱ्हाडीने फोडा. ओलं असतानाच फोडा. फोडलेलं मृगाआधी पडवीत, भिंतीपासून थोडं सोडून रचा.

आणि पडलेल्या फांद्यांचं ठीक, पण उभ्या आंब्याला हात लावू नका. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. स्वतःच्या परसातलं असलं तरी आधी परवानगी लागते.

प्रश्न : मास्तर, बो सॉचं पातं बोथट झालं. तिकोनी कानस मारली तर कानसच घसरते. आणि फणस कापल्यापासून पात्यावर काळा थर बसलाय.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दातांची टोकं निळसर-काळी असतील तर ती कडक केलेली आहेत. त्यांना कानस लागत नाही, पातंच बदलायचं. कानस वाया घालवू नका. थर फणसाच्या चिकाचा आहे, पाण्याने हलणार नाही. रॉकेल मिळत असेल तर रॉकेलने, नाहीतर खोबरेल चोळून अर्धा तास ठेवा आणि पुसा. पुढच्या वेळी कापायच्या आधीच पात्याला खोबरेलाचा हात द्या, चीक धरणारच नाही. फडकं मात्र टाकायचं घ्या. चीक लागलेलं फडकं धुऊन स्वच्छ केलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.