विचारा, सांगतो: खिमा-कोबीला पाणी का सुटतं?

प्रश्न (परभणी): अर्धा किलो मटणाचा खिमा आणि कोबी मी एकत्रच फोडणीला घालून झाकण ठेवते. खिम्याचे गोळे होतात, तळाशी पाणी साचतं. भाकरीशी खायला कोरडी भाजी हवी. कुठं चुकतं?

उत्तर: कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मीठ लागलं की ते बाहेर येतं, आणि वर झाकण असलं की वाफ पुन्हा कढईतच उतरते. मग भाजी परतली जात नाही, उकडते. म्हणून आधी खिमा पूर्ण शिजवायचा आणि कोबी शेवटी घालायचा.

खिमा बारीक चाळणीत धुऊन २० मिनिटं निथळू द्या. रुंद, जाड बुडाच्या कढईत ३ मोठे चमचे करडईचं तेल तापवून २ मोठे कांदे बदामी करा, दीड मोठा चमचा आलं-लसूण वाटण परता. आता आच मोठी करून खिमा घाला आणि पावभाजीच्या मॅशरनं लगेच मोडत राहा. गोळे होतात ते याच पहिल्या पाच मिनिटांत. एकदा घट्ट झालेला गोळा नंतर फुटत नाही. खिमा करडा पडेल, पाणी सोडेल, खदखदेल. घाई करू नका. खदखद थांबून चरचर ऐकू आली आणि कडेनं तेल दिसलं, की अर्धा लहान चमचा हळद, २ लहान चमचे काळा मसाला, १ लहान चमचा मीठ घाला. वाटीभर गरम पाणी ओतून मंद आचेवर २५ मिनिटं झाका. झाकण लागतं ते एवढंच.

उरलेलं पाणी आटवा आणि ४०० ग्रॅम कोबी घाला. तो कोशिंबिरीसारखा बारीक नको, बोटभर रुंद चिरा. मोठ्या आचेवर, उघड्यावर ७-८ मिनिटं परता. देठाकडचा भाग जरा करकरीत राहिला पाहिजे. चव बघून मीठ शेवटी. वरून १ मोठा चमचा येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) भुरभुरून दोन मिनिटं हलवा. त्यातलं भाजलेलं धान्य आणि डाळ राहिलेला ओलावा शोषून घेतात. त्याहून जास्त येसर घातला तर भाजी पिठूळ लागते. घरात येसर नसेल तर भाजलेलं बेसन चालतं, पण ती चव येत नाही.

प्रश्न (लातूर): मोठ्याचा खिमा तासभर शिजवला तरी चिवट. कोबीसकट कुकरला लावू का?

उत्तर: कुकर लावा, पण कोबी बाहेर ठेवा. कोबी फार शिजला की त्यातली गंधकाची संयुगं सुटतात आणि घरभर तो ओळखीचा उग्र वास येतो.

राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी असल्यानं मोठ्याचा खिमा म्हणजे म्हशी-रेड्याचा. त्याचे धागे जाड आणि पांढरे पापुद्रे चिवट. खाटकाला पापुद्रे आधी काढायला आणि मांस मशिनीतून दोनदा काढायला सांगा. वरच्यासारखाच चरचर येईपर्यंत परता, अर्धी वाटी पाणी घाला, एक शिट्टी झाली की आच मंद करून २० मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. हा खिमा बिनचरबीचा असेल तर तेल एक चमचा वाढवा, नाहीतर कोरडा भुसा लागतो.

प्रश्न (बीड): सकाळी केलेली भाजी रात्री चालेल का?

उत्तर: मे महिन्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. कच्च्या खिम्याला तर त्याहून जपा. अखंड तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात, दळताना ते आतपर्यंत मिसळतात. आणला त्याच दिवशी शिजवा, नाहीतर लगेच फ्रीझरमध्ये टाका.