डॉक्टर न होता रक्तवाहिन्यांवर संशोधन करता येतं?

पत्र : माझी मुलगी शरीरक्रियाशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला. तिचे आजोबा चार वर्षं डायलिसिसवर होते, गेले मात्र हृदयविकाराने. तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलंय : हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारात रक्तवाहिन्यांचं काय होतं, यावर क्लिनिकल रिसर्च करायचा. पण डॉक्टर नसलेल्या माणसाला तिथे कोण विचारतं? जन्मभर दुसऱ्याच्या हाताखालीच राबायचं का? – एक वडील

सप्रेम नमस्कार.

आजोबा डायलिसिसवर होते, गेले मात्र हृदयविकाराने, हे तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्या लेकीचा विषय नेमका त्या ‘मात्र’मध्ये आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या कितीतरी जणांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठतो. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांची बारीक गुंडाळी. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा इथून जातो. मूत्रपिंड थकलं की रक्तात फॉस्फेट साठतं, धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसायला लागतं आणि लवचीक धमनी कडक होत जाते. मग प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. फाइल दोन विभागांत असली तरी रोगी एकच, हे तुमच्या मुलीला घरातच कळलं.

आता तुमचा खरा प्रश्न. 1978 साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन संशोधकाच्या प्रयोगशाळेत एका तंत्रज्ञाकडून प्रयोगातला क्रम चुकला. आधीचं औषध धुऊन न टाकताच पुढचं घातलं गेलं आणि आकसायला हवी असलेली धमनी चक्क सैल पडली. शोध घेता घेता कळलं, की धमनीच्या आतलं एका पेशीच्या जाडीचं अस्तर शाबूत असेल तरच ती सैल पडते. ते खरवडलं गेलं की नाही. अस्तरातून सुटणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, आणि त्यासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. फर्चगॉट स्वतः रसायनशास्त्रातून आले होते, रोगी तपासणारे डॉक्टर नव्हते. म्हणून प्रत्येक तंत्रज्ञाच्या चुकीतून नोबेल निघतं असं नाही (बहुतेक चुकांतून फक्त प्रयोग पुन्हा करावा लागतो). पण या विषयाचा पायाच मुळात दवाखान्याबाहेर घातला गेला.

दिवसभर काम काय असतं, तेही बघा. मंद उजेडाची, शांत खोली. रोगी दहा-पंधरा मिनिटं नुसता पडून राहिलेला. कोपराच्या खाली कफ, म्हणजे रक्तदाब मोजताना बांधतात तसा हवेने फुगणारा पट्टा, बांधलेला, वर दंडातल्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब. कफ फुगवून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं. रक्ताचा लोंढा येतो आणि अस्तर निरोगी असेल तर धमनी रुंदावते. किती? चार मिलिमीटरची धमनी सात टक्के रुंदावली, तर पाव मिलिमीटरच्या जरा वर. तेवढं मोजायचं असतं आणि तोवर प्रोब धरलेलं मनगट हलता कामा नये. डायलिसिसच्या रोग्याच्या ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला धमनी-शिरेचा जोड) आहे, त्या हाताला कफ लावायचाच नाही. शिवाय डायलिसिसच्या आधी अंगात पाणी साठलेलं असतं, नंतर नसतं. एकदा आधी मोजलं आणि पुढच्या वेळी नंतर, तर पडलेला फरक औषधाचा की पाण्याचा, हे कोण सांगणार? हे भान ज्याला असतं त्याला तिथे विचारतात. डॉक्टरही विचारतात.

तरी तुमची शंका अगदीच खोटी नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. चाचणीत सामील झालेल्या रोग्यांची वैद्यकीय जबाबदारी डॉक्टरवर असते, आणि ते योग्यच आहे. चाचणीचं रोजचं काम सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. निधी संपला की दुसरा प्रकल्प शोधा. स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःचा गट उभा करायचा, तर पीएचडीला पर्याय नाही. माझा आग्रह मात्र एका वेगळ्याच गोष्टीचा आहे : पदव्युत्तर शिक्षणात तिने संख्याशास्त्र मनापासून शिकावं. मोजमापात हात बसलेला आणि त्या आकड्यांचं विश्लेषणही स्वतः करू शकणारा माणूस या क्षेत्रात सहज सापडत नाही. अशा माणसाला कुणी हाताखालचा म्हणून वागवत नाही.

आता थोडं तिच्याशी बोलायचंय. आजोबांच्या आठवणीने या क्षेत्रात येणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची धग खरी असते, पण त्यांना उत्तर ‘हो’च हवं असतं. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाने, हृदयविकार टळतो हे सिद्ध होतं, तेव्हा डायलिसिसच्या रोग्यांनाही त्याचा फायदा होणारच, असं अनेकांना वाटत होतं. 2005 मध्ये 1,255 मधुमेही डायलिसिस रोग्यांवरची ‘फोर-डी’ चाचणी आली, 2009 मध्ये 2,776 डायलिसिस रोग्यांवरची ‘ऑरोरा’. दोन्हींत कोलेस्टेरॉल छान उतरलं आणि मुख्य निकालात फरक काही पडला नाही. वर्षानुवर्षं राबून हाती आलेलं ‘नाही’ प्रामाणिकपणे छापायचं, हेही याच कामात येतं. उलटही घडतं. मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-2 गटाची औषधं हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही सांभाळतात असं दिसलं, आणि 2020 च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीत मधुमेह नसलेल्या मूत्रपिंड-रोग्यांनाही त्यांचा उपयोग झाला. कुठल्या बाजूचा निकाल आपल्या वाट्याला येईल, हे आधी ठरवता येत नाही. तिला विचारा, पाच वर्षं काम करून ‘नाही’ आलं तर चालेल का? लगेच ‘हो’ म्हणाली तर आणखी आठवडाभर थांबून पुन्हा विचारा.

वैद्यकीय प्रवेशासाठी आणखी एक वर्ष थांबावं का, असं तुमच्या मनात असणारच. तिला रोगी तपासायचे असतील तर जरूर थांबा. नुसतं संशोधनात मान मिळावा म्हणून थांबणार असाल तर नको.

प्रवेशअर्ज भरण्याआधी एक करा. अशा अभ्यासांना तुलनेसाठी निरोगी माणसंही लागतात. जवळच्या एखाद्या संशोधन विभागाला तिने पत्र लिहावं आणि चालत असेल तर स्वतःच नाव द्यावं. संमतीपत्र स्वतः वाचून सही करणं, दंडाला मुंग्या येईपर्यंत पाच मिनिटं पडून राहणं, शेजारी बसलेल्या कोऑर्डिनेटरला दहा प्रश्न विचारणं, हे एका सकाळीत होईल. तुम्हीही जा. फक्त त्या दिवशी उपाशीपोटी या, चहा-कॉफीसुद्धा नको असं सांगतील. रक्तवाहिन्यांवर कॅफीनचा परिणाम होतो, तेवढं पाळा.