'तिळाचे तेल' म्हणणे चूक आहे का?

'तेल' हा शब्दच तिळापासून आला असेल, तर 'तिळाचे तेल' ही 'पिवळा पीतांबर'सारखी द्विरुक्ती नाही का? आणि मग 'करडईचे तेल' उघड चूकच ठरत नाही का? असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

व्युत्पत्ती अगदी बरोबर आहे. संस्कृतात तिलापासून निघते ते तैल, प्राकृतात तेल्ल, मराठीत तेल. तिळाच्या दाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते. वाळलेली पेंढी उलटी धरून झटकली की उललेल्या बोंडांतून दाण्यांचा सडा पडतो. त्यातले चिमूटभर पाट्यावर चिरडून बघा, बोट लगेच तुळतुळीत होते. अशा दाण्याचे नाव तेलाला मिळाले यात नवल ते काय!

पण शब्द जन्मला तिथेच बसून राहत नाही. सुश्रुतसंहितेत याचा खुलासाच आहे: इतर बियांचा स्नेहही (म्हणजे स्निग्ध अंशही) तसाच निघतो, गुणही तसेच, म्हणून त्यालाही 'तैल' म्हणायचे. आयुर्वेदात 'तिलतैल' हा शब्द तर सर्रास येतो. तमिळमध्येही हेच घडले. 'एळ्' म्हणजे तीळ, 'नेय्' म्हणजे तूप, दोन्ही मिळून 'एण्णेय्'. आज तिथे खोबरेल तेलही 'एण्णेय्'च.

आपल्या खोबरेल, एरंडेल या शब्दांतला शेवटचा 'एल' तेलाचाच झिजलेला तुकडा आहे. म्हणजे खोबरेलाच्या बाटलीतही तीळ दडलेला आहे! मला हा शब्द त्यासाठीच फार आवडतो.

'शाई' मुळात फारसी 'स्याह', म्हणजे काळा, यावरून आली. तरी आपण निळी शाई म्हणतोच. प्रश्नातल्या पीतांबराचे तरी काय? मराठीत हिरवा पीतांबरही नेसतात, त्यामुळे 'पिवळा' हे विशेषणही तिथे वाया जात नाही.

तेव्हा 'करडईचे तेल' बिनचूक आहे, आणि 'तिळाचे तेल' तर आता आवश्यकच आहे. पाककृतीत नुसते 'तेल' लिहिलेत, तर वाचणारा शेंगदाण्याचेच ओतणार.