सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतंच. फिजिओथेरपीनं खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं ओटीपोटात आणि माकडहाडाच्या आसपास दुखतंय, सोनोग्राफी, लघवीची तपासणी, दुर्बिणीची तपासणी सगळं करून झालं, कशातच काही निघालं नाही. आता डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिलीय आणि तुम्हाला वाटतंय, आपल्याला टाळलंच की! मलाही हेच वाटलं होतं. गुडघा, मान, कंबर यांचं समजू शकते, पण तिथं कुठं फिजिओथेरपी करणार?

मला फरक पडला, चांगला पडला. पण त्याआधी वर्षभर मी नेमका उलटा व्यायाम करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधारावर असतात. लघवी-शी रोखायची तर हे स्नायू आवळायचे, करायची तर सैल सोडायचे. त्यांच्याबद्दल शोधायला गेलं की पहिलं नाव येतं केगलचं. डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळण्याचे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर ढिले पडलेले स्नायू बळकट करण्यासाठी. माझे स्नायू ढिले नव्हतेच. ते दिवसभर आखडलेले असायचे आणि मी त्यांना रोज शंभर वेळा आणखी आवळत होते. पायात गोळा आलेला असताना उठाबशा काढाव्यात तसला प्रकार. त्यात दुखणं वाढलं की मी आकडा वाढवायचे, कमी पडतंय म्हणून!

नंतर ज्या फिजिओथेरपिस्ट मिळाल्या त्यांनी पहिल्या भेटीत जवळपास तासभर नुसते प्रश्न विचारले. घरातून निघताना लघवी लागलेली नसली तरी 'असू दे' म्हणून जाऊन येता का? शी करताना जोर लावावा लागतो का? संबंधाच्या वेळी दुखतं ते सुरुवातीला की खोलवर? यातलं मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाल्या, "तुम्ही आत्ताही पोट आत ओढून बसलाय, दातही घट्ट मिटलेत." खाली बघितलं तर खरंच.

आतून तपासायची परवानगी त्यांनी वेगळी विचारली. हातमोजा, जेली, एक बोट, आणि 'थांबा' म्हटलं की थांबणार. तुम्हाला नको असेल तर सरळ नाही म्हणा. मांड्या, पोट, कंबर, श्वास यांवर बाहेरूनही बरंच काम होतं. आतल्या जागा त्या घड्याळाच्या काट्यांनी सांगतात: पुढचं हाड बारा वाजता, माकडहाड सहा वाजता. चार वाजताच्या जागेवर त्यांनी हलकंच बोट टेकवलं आणि जी कळ मी दोन वर्षं डॉक्टरांना 'डाव्या अंडाशयात' म्हणून सांगत होते, तीच्या तीच उठली. बोट तिथंच ठेवून त्यांनी मला सावकाश श्वास घ्यायला लावला. दीडेक मिनिटात दहापैकी सातावरची कळ तिनावर आली. मी तिथं टेबलावर पडल्या पडल्या रडले. कुणाच्या तरी हाताला माझं दुखणं लागलं होतं.

घरचा व्यायाम इतका साधा की फसवल्यासारखं वाटतं. पाठीवर झोपून गुडघे वर, एक हात पोटावर. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली येतो, तसा हा तळही खाली उतरतो. तो उतरू द्यायचा, ढकलायचा नाही. दहा मिनिटं, दोन वेळा. सोबत जांघेचे आणि नितंबांचे स्नायू ताणायचे व्यायाम. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल. आणि ती 'असू दे'ची लघवी बंद.

पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही फरक नव्हता. उलट उपचाराच्या दुसऱ्या दिवशी अंग ठणकायचं. सहाव्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की आपण दोन तास खुर्चीत बसलोय आणि एकदाही कूस बदललेली नाही. आठवड्याला एक भेट, असे तीन महिने गेले. अजूनही ताणाच्या दिवसांत दुखतं, पण आता ते कुठून येतंय ते कळतं.

माझ्या एकटीच्या अनुभवावर जाऊ नका. मूत्राशयाचं जुनं दुखणं आणि सोबत असे दुखरे स्नायू असलेल्या ८१ बायकांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला होता. स्नायूंवर नेमकं काम करणारी फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के जणींना स्पष्ट फरक जाणवला, साधा मसाज घेतलेल्यांपैकी २६ टक्के जणींना. म्हणजे दहातल्या चौघींना पुरेसा फरक पडला नाही, हेही त्यातच आलं.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) नाहीच असं नसतं, आणि तो असला तरी त्यावर हे स्नायू वेगळे आखडू शकतात. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना सोडू नका. लघवीत किंवा शीत रक्त, ताप, उगाच वजन उतरणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. (पुरुषांनाही हे होतं बरं का. प्रोस्टेटची सूज म्हणून अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स होतात आणि जंतू कधीच सापडत नाहीत. स्नायू तेच.)

फिजिओथेरपिस्ट मात्र विचारून निवडा. मी आधी जिथं गेले होते तिथं कंबरेला मशीन लावून पंधरा मिनिटं पडून राहायला सांगायचे, बस्स. फोनवरच विचारा: पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे या स्नायूंच्या झोळीचं, वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि आखडलेले स्नायू सैल करायचं काम करता का? न तपासताच केगलचा तक्ता हातात ठेवला, तर दुसरीकडे नंबर लावा.