घरात मांजर आहे आणि आता कुत्रा आणलास, तर…

अगं, पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर आणू नकोस. आधी वेगळ्या खोल्या, आणि अंथरुणांची अदलाबदल; वासाची ओळख पहिली व्हायला हवी. मग कुत्र्याला पट्टा लावून भेटव. त्याची नजर मांजरीवर खिळली, अंग ताठलं, की लगेच हाक मार. तुझ्याकडे वळला की खाऊ दे. ओरडू मात्र नकोस, त्याने दोघंही बिथरतात.

मांजरीला उंच जागा हवीच: कपाटाचा माथा, खिडकीची रुंद चौकट. जेवण वेगळं. मांजरीला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच लागतं, कुत्र्याच्या खाण्यावर तिचं भागत नाही. बांगडे साफ करताना दोघांनाही स्वयंपाकघराबाहेर ठेव, भांडण तिथेच पेटतं. आणि पावसाळ्यात दोघं घरात अडकली की कुत्र्याला निदान बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराखालच्या ओसरीत, खेळव.