रिपोर्ट नॉर्मल, मग बाबा थकले कसे?

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील 74 वर्षांचे आहेत, शुगर बीपी सगळं कंट्रोलमध्ये, रक्ताचे रिपोर्ट पण नॉर्मल, तरी सहा-आठ महिन्यांपासून एकदम हळू झालेत. परवा तपासणीत त्यांच्याकडून एक हँडल दाबून घेतलं, 22 किलो आलं, आणि 4 मीटर चालायला 7 सेकंद लागले. मग म्हणाले "प्री-फ्रेल" आहेत. म्हणजे नक्की काय? वयच झालंय ना, आता आराम करू द्यायचा का?

उत्तर : ताई, आराम तर अजिबात नको, ते आधी सांगते. वय झालं म्हणून सोडून देतात लोक आणि तिथेच हातातली वेळ जाते.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ताकद दिसत नाही, ती करून बघावी लागते. फ्रेल म्हणजे म्हातारपणात ताकद घटून नाजूक झालेला माणूस, आणि प्री-फ्रेल म्हणजे त्याच्या आधीची पायरी. ते ओळखायला 2001 साली लिंडा फ्रीड या अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गोष्टी ठरवल्या, त्या अजून वापरतात: वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा 5 टक्के वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी, चाल मंद आणि एकूण हालचाल कमी. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर प्री-फ्रेल. तुमच्या बाबांची पकड आणि चाल दोन्ही कमी, म्हणून प्री-फ्रेल. (4 मीटरला 5 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदच धरतात.) पण बाकीच्या तीन गोष्टी कुणी विचारल्या का? पँट सैल झालीय का, पट्टा एक भोक आत गेलाय का बघा, कारण अजून एक जरी निघाली तरी ते फ्रेलमध्ये जातात.

दुसरी पण एक पद्धत आहे, केनेथ रॉकवुड या कॅनडातल्या डॉक्टरांची. त्यात आजार, विसरभोळेपणा, आंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः जमतात का, अशा तीसेक किंवा जास्त गोष्टींची यादी असते, समजा 40 तपासल्या आणि 10 मध्ये अडचण निघाली तर आकडा 10 भागिले 40, म्हणजे 0.25, आणि साधारण तिथून पुढे फ्रेल मानतात. मला ही आवडते कारण यात नुसते स्नायू नाही, सगळा माणूस दिसतो, फक्त वेळ जास्त लागतो.

घरी करायचं असेल तर खुर्ची भिंतीला टेकवा, बाबांना हात छातीवर घडी घालायला सांगा आणि न धरता पाच वेळा उठा-बसायला लावा, 15 सेकंदांच्या वर गेलं तर पायातली ताकद कमी आहे, आशियाई लोकांसाठी तर 12 सेकंदच धरतात. तुम्ही शेजारी उभ्या राहा, मोबाईल बघत बसू नका, तोल जाऊ शकतो! आणि ताप किंवा ॲडमिट होऊन आल्या आल्या मोजू नका, आकडा खराबच येणार. बोटांचा संधिवात असेल तर पकड दुखण्याने कमी येते, तेही डॉक्टरांना सांगा.

प्री-फ्रेल माणूस परत सुधारू शकतो हो, खरंच. त्यासाठी नुसतं फिरणं पुरत नाही, स्नायूंवर जोर येईल असा व्यायाम लागतो, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. प्रोटीन दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, मात्र किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि सगळ्या गोळ्या एकदा एकत्र दाखवा, काही गोळ्यांनीच चक्कर आणि सुस्ती येते. तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तेच अंतर घेऊन परत मोजा.

प्रश्न : माझ्या सासूबाई चांगल्या जाड आहेत, त्या फ्रेल कशा असतील?

उत्तर : असू शकतात. वजन चरबीचं असतं, खाली स्नायू झिजलेले असतात आणि वरून दिसत नाही. त्यांचीही खुर्चीची टेस्ट करा.